दहा लाख डॉलरचा हात, महिन्याचा पगार अकराशे

गेले आठ दिवस आपल्या गावच्या तीन-चार ग्रुपवर एकच रील फिरतंय. रिंकू सिंगचं. थांबा, आधी गोंधळ मिटवू. यश दयालच्या शेवटच्या ओव्हरला पाच सिक्सर ठोकणारा, कोलकात्याकडून खेळणारा अलिगढचा रिंकू हा नव्हे. हा त्याच्या आधीचा रिंकू. उत्तर प्रदेशचाच, पण भदोही जिल्ह्यातल्या गोपीगंजकडचा. बाप ट्रक ड्रायव्हर, नऊ भावंडं, एका खोलीचं घर. पोरगा भाला फेकायचा. २००८ साली एका टीव्ही शोमध्ये बेसबॉल फेकून जिंकला आणि थेट अमेरिकेला गेला. डिस्नेनं त्याच्यावर सिनेमा काढला. रीलमध्ये हे सगळं ४० सेकंदांत, मागे ढणढणतं म्युझिक आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'करोडपती'.

खाली कमेंटा दोन प्रकारच्या. अर्धे लोक म्हणतात, सलाम भावाला, जिद्द असावी तर अशी. उरलेले अर्धे म्हणतात, एवढा भारी होता तर शेवटी डब्ल्यूडब्ल्यूईत भस्म फासून कशाला नाचत होता? फेल गेला म्हणा की सरळ.

माझं म्हणणं असं आहे की दोन्ही बाजूंनी त्या पोरावर अन्याय चाललाय. आणि हे मी आजच लिहितोय याला एक कारण आहे, ते पुढे येईलच. आधी त्याची गोष्ट नीट सांगतो, कारण रीलमध्ये जे गाळलंय तेच खरं वाचण्यासारखं आहे.

त्या शोचं नाव 'मिलियन डॉलर आर्म'. म्हणजे दहा लाख डॉलरचा हात. जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन एजंटनं आणि त्याच्या भागीदारांनी ही स्पर्धा भारतात आणली. हिशेब सरळ होता. बास्केटबॉलला चीनमधून याओ मिंग सापडला आणि त्याच्यामागे कोट्यवधी चिनी प्रेक्षक आले. तसा एखादा भारतीय बेसबॉलला मिळाला तर शंभर कोटींचं मार्केट उघडेल. ३७ हजारांहून जास्त पोरांनी चेंडू फेकून बघितला. त्यातून दोघं निघाले, रिंकू आणि वाराणसीकडचा दिनेश पटेल. दोघंही भालाफेकवाले. यात नवल काही नाही. क्रिकेटच्या बॉलिंगमध्ये कोपर वाकवून फेकलं तर नोबॉल. बेसबॉलचा पिचर मात्र कोपर वाकवूनच फेकतो, साडेसाठ फुटांवरून. भाल्याचा खांदा तिथे चालतो.

आता बक्षिसाचं बघा. रिंकू ताशी ८७ मैलांनी, म्हणजे जवळपास १४० किलोमीटर वेगानं चेंडू फेकून पहिला आला. त्याला मिळाले एक लाख डॉलर. दहा लाख नाही, एक लाख. दहा लाखांसाठी अट वेगळी होती, त्याहून जास्त वेगाचे आणि नेमके चेंडू टाकायची, आणि ती कुणीच पुरी केली नाही. शोच्या नावातली रक्कम कुणालाही दिली गेली नाही. जत्रेत डब्यांच्या मनोऱ्यावर रिंग टाकायचा खेळ असतो, वरच्या डब्यावर ट्रान्झिस्टर ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं तोच ट्रान्झिस्टर. तसं.

एक लाख डॉलर म्हणजे त्या वेळचे चाळीसेक लाख रुपये. एका खोलीत राहणाऱ्या घराला ही फार मोठी रक्कम. ती मिळाली, खरी मिळाली, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ते बक्षीस होतं, एकदाच मिळणारं. त्याचं करिअर त्यानंतर सुरू झालं, आणि करिअरचा हिशेब कुठल्याच रीलमध्ये येत नाही.

दोघांना अमेरिकेत नेलं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉम हाऊस या नावाजलेल्या कोचकडे शिकवलं. दोघांनी त्याआधी बेसबॉलचा ग्लोव्हही नीट घातलेला नव्हता, इंग्रजी जेमतेम. नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबनं दोघांना करारबद्ध केलं. पेपरात मथळे आले, 'भारतीय तरुण मेजर लीग क्लबमध्ये'. हा मथळा खरा आणि खोटा दोन्ही आहे. करार पायरेट्सशी, पण खेळायचं मायनर लीगमध्ये. म्हणजे त्याच क्लबच्या खालच्या संघांत. शिडी अशी असते: तळाला रूकी लीग, मग ए गटाच्या पायऱ्या, मग डबल-ए, मग ट्रिपल-ए, आणि सगळ्यात वर मेजर लीग. टीव्हीवर दिसतं ते फक्त वरचं. खाली हजारो पोरं असतात, आणि बहुतेकांचं आयुष्य खालीच संपतं.

२००९ च्या जुलैत रिंकू फ्लोरिडातल्या रूकी लीगमध्ये उतरला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळणारे पहिले भारतीय नागरिक म्हणून त्याची आणि दिनेशची नोंद आहे. पहिल्या सीझनला त्याची सरासरी ५.८४ होती, म्हणजे नऊ डावांमागे जवळपास सहा धावा दिल्या. ही वाईटच. पुढच्या वर्षी तीच सरासरी २.६१ वर आली. दोन वर्षांपूर्वी ज्यानं हा खेळ बघितलाही नव्हता त्याचे हे आकडे आहेत, हे 'फेल गेला' म्हणणाऱ्यांनी जरा डोळ्यांपुढे धरावं. दिनेशला २०१० च्या डिसेंबरात क्लबनं सोडलं, तो परत आला. रिंकू टिकला. वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या ए गटातल्या संघात पोचला, मधल्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळला, आणि २०१२ च्या सीझनला ३९ सामन्यांत ३.०० ची सरासरी काढली. बसनं प्रवास, खालच्या दर्जाची हॉटेलं, रोज सामना. तिथून मग हात गेला. दुखापती, शस्त्रक्रिया, २०१३, १४, १५ ही तिन्ही वर्षं मैदानाबाहेर. डबल-ए ची पायरी त्यानं कधी बघितली नाही.

आता पैशाचं बोलू. इथेच सगळे गप्प बसतात.

त्या काळात मायनर लीगमध्ये पहिल्या करारवर्षाच्या खेळाडूला महिन्याला जास्तीत जास्त ११०० डॉलर मिळायचे. आणि महिना म्हणजे बारा महिने नव्हेत हां. पगार फक्त सीझन चालू असताना. तळाच्या रूकी लीगचा सीझन तीन महिन्यांचाही नसायचा. सीझनआधीचं शिबिर असतं, त्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबायचं, त्याचा पगार शून्य. हिवाळ्यात व्यायाम करून फिट राहायचं ही कराराची अट, त्याचाही पगार शून्य. २०१४ मध्ये माजी खेळाडूंनी कोर्टात जो दावा टाकला त्यात म्हटलं होतं की बहुतेक मायनर लीग खेळाडूंची वर्षाची कमाई ३ हजार ते साडेसात हजार डॉलरच्या दरम्यान आहे. २००९ साली अमेरिकी सरकारच्या हिशेबात एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा होती १० हजार ८३० डॉलर. म्हणजे मेजर लीग क्लबचा करारबद्ध खेळाडू तिथल्या सरकारच्या लेखी गरीब. त्याच वर्षी वरच्या मजल्यावर, मेजर लीगमध्ये, किमान पगार होता चार लाख डॉलर. एकच क्लब, एकच मालक, छातीवर तोच लोगो.

अमेरिकन पोरं मग हिवाळ्यात काहीतरी करायची. कुणी शाळेत बदली शिक्षक, कुणी गोदामात माल उचलायला, कुणी डिलिव्हरी. परदेशातून आलेल्या पोराला तेही करता येत नाही. २००६ नंतर मायनर लीगवाल्यांना पी-१ व्हिसा मिळायला लागला. तो व्हिसा त्या क्लबच्या कामापुरता. दुसरीकडे चार तास काम केलं तर बेकायदा. आणि क्लबनं सोडलं की देशात राहण्याचा आधारच गेला. घराचं भाडं, आजारपण, हुकमी जेवण, सगळं क्लबच्या मर्जीवर लटकलेलं.

'पण त्यानं स्वतः सही केली ना?' हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. केली. कराराची मुदत सात सीझनची असायची. त्या सात वर्षांत क्लब खेळाडूला कधीही सोडू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो. खेळाडू मात्र क्लबला सोडू शकत नाही. शेजारचा क्लब दुप्पट पैसे द्यायला तयार असला तरी नाही. आपल्याकडे बीडचा, पाथर्डीचा माणूस मुकादमाकडून उचल घेतो आणि मग सगळा हंगाम त्या मुकादमाचा होतो. दुसऱ्या कारखान्याचा भाव चांगला असला तरी जाता येत नाही, आधी उचल फेडा. त्यातलं त्या लोकांना काय वाटतं ते मी लिहायची गरज नाही, इथले निम्मे वाचक त्याच घरांतले आहेत. बेसबॉलच्या सायनिंग बोनसला उचल म्हणून बघा, सगळं पटकन कळतं.

ही उपमा मी ओढूनताणून आणली असं वाटत असेल तर डोमिनिकन रिपब्लिककडे बघा. कॅरिबियनमधला छोटा देश, अमेरिकन बेसबॉलला सगळ्यात जास्त परदेशी खेळाडू पुरवणारा. तिथलं सान पेद्रो दे माकोरिस हे गाव तर साखर कारखान्यांचंच. कारखान्यांच्या वसाहतींत पोरं बेसबॉल खेळायची, तिथून सॅमी सोसासारखे मोठमोठे खेळाडू निघाले. आणि तिथे पोरांना हेरणारा, वाढवणारा, क्लबला विकणारा एक माणूस असतो, त्याला 'बुस्कोन' म्हणतात. बारा-तेरा वर्षांच्या पोराला तो खाऊपिऊ घालतो, शिकवतो, आणि सोळाव्या वर्षी करार झाला की बोनसमधला मोठा हिस्सा कापून घेतो. ऊसही तोच, मुकादमही तोच, फक्त कोयत्याच्या जागी बॅट.

मग अमेरिकेसारख्या देशात, जिथे मक्तेदारीविरोधी कायदे एवढे कडक, तिथे हे चालतं कसं? उत्तर ऐकून हसू येईल. १९२२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की बेसबॉल हा राज्याराज्यांतला व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. तिकिटं विकली जातात, संघ रेल्वेनं राज्याराज्यांत फिरतात, मालक श्रीमंत होतात, पण व्यापार नाही! १९६९ मध्ये कर्ट फ्लड नावाच्या नावाजलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूनं, त्याला न विचारता दुसऱ्या क्लबला दिलं म्हणून, याविरुद्ध लढाई सुरू केली. १९७२ मध्ये तो सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ असा हरला. करिअर संपलं. पुढे १९९८ मध्ये त्याच्या नावानं कायदा झाला, आणि त्या कायद्यात मेजर लीगवाल्यांना दिलासा देताना मायनर लीगवाल्यांना स्पष्ट शब्दांत वगळलं. फ्लडच्या नावावरचा कायदा आणि त्यात हे. आपल्याकडच्या काही योजनांची नावं आठवली की नाही?

याहून कडी २०१८ ची. खेळाडूंनी टाकलेला किमान वेतनाचा दावा पुढे सरकतोय म्हटल्यावर मालकांनी संसदेत वजन वापरलं. मार्च २०१८ मध्ये सरकारच्या खर्चाचं दोन हजारांहून जास्त पानांचं विधेयक मंजूर झालं. त्या ढिगाऱ्यात दोन-अडीच पानांचं एक प्रकरण घुसवलं होतं. नाव काय, तर 'अमेरिकेचा आवडता खेळ वाचवा'. मजकूर काय, तर मायनर लीग खेळाडूंना आठवड्याचे ४० तास किमान वेतनानं मोजायचे, मग तो सत्तर तास राबला तरी ओव्हरटाइम नाही. त्या वर्षी मेजर लीगची उलाढाल होती एक हजार कोटी डॉलरच्या वर. खेळ वाचवायचा होता तो या पोरांच्या ओव्हरटाइमपासून!

मालकांचा युक्तिवाद मी लपवत नाही. ते म्हणतात, ही पोरं कामगार नाहीत, शिकाऊ आहेत. वर जायची संधी हाच त्यांचा मोबदला. क्लब कोचिंग देतो, डॉक्टर देतो, दहातला एखादा वर पोचतो, बाकीच्यांवरचा खर्च बुडीत. यात थोडं तथ्य आहे. रिंकूला पायरेट्सनं तीन वर्षं तो खेळू शकत नसताना ठेवून घेतलं, हेही खरं. पण तिकीट काढून लोक बघायला येतात तो सामना शिकवणी कसा? वेस्ट व्हर्जिनियातल्या प्रेक्षकानं बियर आणि हॉटडॉगचे पैसे खरे दिले होते ना?

आणि शेवटी हे बदललं कसं तेही सांगतो, कारण रीलवाल्या 'जिद्द' प्रकारानं ते बदललेलं नाही. गॅरेट ब्रोशुईस नावाचा एक पिचर होता. मायनर लीगमध्ये बरीच वर्षं काढली, वर पोचला नाही, मग वकील झाला आणि क्लबांविरुद्धचा तो २०१४ चा दावा त्यानंच चालवला. २०२२ मध्ये मालकांनी १८ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी सप्टेंबरात पाच हजारांवर मायनर लीग खेळाडू युनियनमध्ये आले, आणि २०२३ च्या वसंतात पहिला सामूहिक करार झाला. तळाच्या रूकी पायरीचा वर्षाचा पगार ४ हजार ८०० वरून १९ हजार ८०० डॉलरवर गेला. रिंकू खेळला त्या लो-ए पायरीचा ११ हजारांवरून २६ हजार २०० वर. सीझनबाहेरच्या दिवसांचेही पैसे आले. एकोणीस वर्षांचा किंवा मोठा होऊन सही केली तर सातऐवजी सहा वर्षं. तीच लीग, तेच मालक, आणि कुणाचं दिवाळं निघालं नाही. डोमिनिकनमधल्या लीगची पोरं मात्र या करारात नाहीत. युनियनही हद्दीपाशी थांबते, हे नोंदवून ठेवतो.

रिंकूला यातलं काही मिळालं नाही. तो तोवर रिंगणात गेला होता. जानेवारी २०१८ मध्ये त्यानं डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला, २०२२ मध्ये 'वीर महान' म्हणून कपाळावर भस्माचे पट्टे ओढून आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आला, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांनीही सोडलं. तिथली व्यवस्था तर आणखी मजेशीर. आठवड्याला कंपनी सांगेल तिथे, सांगेल ते कपडे घालून, सांगेल त्याच्याकडून हरायचं, आणि कागदावर तुम्ही कर्मचारी नाही, 'स्वतंत्र कंत्राटदार'. युनियन नाहीच. त्यामुळे 'नाचायला गेला' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. तीस वर्षांचा, हात गेलेला, दुसरं काही शिक्षण पुरं न झालेला, नऊ भावंडांच्या घरातला माणूस. त्यानं काय करायला हवं होतं? गावी येऊन सत्कार घेत बसायचं?

सिनेमाही बघा एकदा, वाईट नाही. २०१४ चा, संगीत आपल्या रहमानचं. पण त्याचा हिरो कोण आहे ते लक्षात घ्या. एजंट. गरीब पोरं आली आणि एजंट माणूस म्हणून सुधारला, अशी गोष्ट आहे. आणि सिनेमा संपतो कुठे? सहीपाशी. ज्या क्षणापासून पोरांची मजुरी सुरू झाली तिथे दिवे लागतात आणि आपण पॉपकॉर्नचा कागद टाकून बाहेर येतो.

परदेशात जाऊन खेळू नये असं मला म्हणायचं नाही, उलट आहे. जाणाऱ्यानं कलमं वाचून जावं. याची दोन उत्तम उदाहरणं जपानचीच आहेत. १९६४ साली जपानच्या नानकाई हॉक्स क्लबनं मासानोरी मुराकामी नावाचा वीस वर्षांचा पोरगा शिकायला म्हणून अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवला. करारात एक कलम होतं, दहा हजार डॉलर दिले की जायंट्स त्याला ठेवून घेऊ शकतात. जपानी क्लबला वाटलं, आपल्या पोराला कोण ठेवतंय. तो सप्टेंबरात थेट मेजर लीगमध्ये खेळला, चांगला खेळला, आणि जायंट्सनं दहा हजार टेकवले. मग दोन देशांच्या बेसबॉल अधिकाऱ्यांची जुंपली. त्यानं एक सीझन खेळावं आणि परत जावं असं ठरलं. त्याची इच्छा हा त्या भांडणात मुद्दाच नव्हता. त्यानंतर तीस वर्षं एकही जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये दिसला नाही.

तीस वर्षांनी हिदेओ नोमो आला. जपानमध्ये पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट ठरलेला पिचर, क्लबशी खटके उडालेले. त्याचा एजंट डॉन नोमुरा यानं नियमावली ओळ न ओळ वाचली आणि एक फट शोधली. 'स्वेच्छेनं निवृत्त' झालेला खेळाडू जपानमध्ये दुसऱ्या क्लबकडून खेळू शकत नाही असं लिहिलं होतं. परदेशाबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. नोमो ऐन भरात असताना निवृत्त झाला. देशात गद्दार म्हणून शिव्या खाल्ल्या. आणि १९९५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून २० लाख डॉलरचा सायनिंग बोनस घेऊन उतरला. त्या वर्षी २३६ फलंदाज बाद केले आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे इचिरो, पुढे ओहतानी, सगळे त्या दरवाजातून गेले. नोमोच्या हातात ताकद होती, हे आहेच. पण दरवाजा उघडला तो नियमाच्या पुस्तकातल्या एका ओळीनं. रिंकूकडे ती ओळ वाचून दाखवणारा, फक्त त्याच्या बाजूचा असा कुणी होता का? त्याचा एजंट हाच स्पर्धेचा आयोजक होता.

आता मी हे आज का लिहितोय ते. येत्या रविवारी आपल्या क्रीडा संकुलाच्या मैदानावर 'इंटरनॅशनल टॅलेंट हंट' आहे. फ्लेक्स तुम्ही बघितलेच असतील, स्टँडपासून कॉलेजपर्यंत लागलेत. आयोजकांचं नाव मी घेत नाही, त्यांच्याशी बोलणं अजून व्हायचंय. नोंदणी फी ७०० रुपये. फ्लेक्सवर डॉलरचं चित्र आहे, मैदानाचं नाही. आपल्याकडे सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणारी पोरं-पोरी आहेत, भालाफेकवाले आहेत. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाच्या आशेनं वर्षानुवर्षं मेहनत करणारी. ते रील नेमकं याच आठवड्यात का फिरतंय, याचा अंदाज तुम्हीही बांधू शकता.

एका पालकानं मला फॉर्मचा फोटो पाठवला. चार पानं, सगळी इंग्रजीत. पान तीनवर लिहिलंय की निवड झाल्यास पुढची दहा वर्षं खेळाडूच्या वतीनं बोलणी करण्याचा हक्क फक्त आयोजकांचा. चित्रीकरण कुठेही, कितीही काळ वापरायचा हक्क आयोजकांचा. खेळाडूला काय मिळणार त्या जागी 'योग्य ती संधी' एवढंच. रक्कम नाही, दुखापत झाली तर काय नाही, परत यायचं तिकीट कुणाचं ते नाही. सही पालकाची, कारण अठराखालच्या मुलानं केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच रद्दबातल असतो. हे त्या लोकांना बरोबर माहीत आहे. आपल्या पालकांना माहीत आहे का?

त्या पालकांना मी फोनवर विचारलं, दादा, वाचलंत का? ते म्हणाले, साहेब, इंग्रजीत आहे, पण माणूस चांगला बोलला. आणि नाही म्हटलं तर पोरगं म्हणेल, बापानं चान्स घालवला.

त्या बापाला मी मूर्ख म्हणणार नाही, कुणी कमेंटमध्ये म्हणू पण नये. हाच विचार गोपीगंजच्या त्या घरातही झाला असेल. फरक एवढाच की तिथे एक लाख डॉलर खरोखर दिले गेले. इथे आधी सातशे रुपये घेतायत.

तर रविवारी सकाळी सात वाजता मी मैदानावर आहे. फॉर्मची मराठी प्रत मागणार आहे, आणि पान तीन माइकवर वाचून दाखवा म्हणणार आहे. बार असोसिएशनचे दोन वकील मित्र यायला तयार आहेत, पालकांना फुकट समजावून सांगतील. क्रीडाशिक्षकांनी कृपया पोरांना गटानं पाठवू नये, पालकांना सोबत घेऊन या म्हणावं. ज्यांनी आधीच सही करून पैसे भरलेत त्यांनी चारही पानांचा आणि पावतीचा फोटो मला इनबॉक्स करा. पावती दिली नसेल तर तसं लिहा. आत्तापर्यंत अकरा जणांचे मेसेज आलेत, त्यातल्या नऊ जणांकडे पावती नाही.